उन्हात न टाकलेल्या बाजा

आमच्या घरात ढेकूण हा शब्द तोंडातून काढायची बंदी होती. ‘ते’ म्हणायचं. “ते निघाले का गं?” “गादीखाली ते आहेत का पाह्य.” शेजारच्या जोशीकाकूंची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे आई ‘ते’सुद्धा हळू आवाजात म्हणायची. मी आता साठी ओलांडलेली बाई आहे, दोन नातवंडांची आजी आहे, आणि तरी वरचं पहिलं वाक्य लिहून झाल्यावर मी उठले आणि खोलीचं दार लावून आले. घरात कुणीही नव्हतं.

आम्ही अमरावतीच्या जुन्या वस्तीत राहत होतो. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून आई मास्तरीणबाई आणि कुंदाताई व मी मास्तरांच्या पोरी. भातकुलीला थोडी काळी जमीन होती, ती बटईनं दिलेली. वर्षाची ज्वारी आणि तूर तिकडून यायची. समोरच्या बैठकीत शिकवणीची मुलं बसत, मधल्या खोलीत आम्ही सगळे झोपत असू आणि मागे स्वयंपाकघर. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं. हात परातीत पडला की बांगड्या वाजायच्या, आणि बैठकीत बाबा कुणाकडून तरी पाढे म्हणवून घेत असायचे, ते सगळं मिळून एक ठेका धरायचं. हिवाळ्यात वांग्याचं भरीत, रविवारी गोळ्यांची कढी, आणि कढीला वरून दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत. आई रांधायची झकास आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण तिचा खरा मान होता घराच्या स्वच्छतेचा. तांब्याचे गुंड चिंचेनं घासलेले, शेणानं सारवलेलं मागचं अंगण, उंबऱ्यावर रोज रांगोळी. पाहुण्याचे डोळे आधी कोपऱ्यात जातात, असं तिचं म्हणणं होतं. तिचे स्वतःचे तसे जायचे, म्हणून तिला जगाची खात्री होती.

अशा या घरात ते आले वेताच्या खुर्च्यांतून. स्टेशनाजवळचं एक जुनं लॉज बंद झालं, त्यातलं सामान विकायला निघालं, आणि बाबा मोठ्या हौसेनं चार वेताच्या खुर्च्या सायकलरिक्षात घालून घेऊन आले. ताईला बघायला पाहुणे येणार, त्यांना सतरंजीवर बसवायचं का, हा त्यामागचा विचार. खुर्च्या दिसायला छान होत्या. महिन्याभरात आमच्या हातापायांवर लाल गांधी उठायला लागल्या, मग आईला गादीच्या शिवणीत एक सापडला, मग पलंगाच्या सांध्यात, मग देवाच्या तसबिरीमागे. तसबिरीमागे सापडला त्या दिवशी आई जेवली नाही.

आता यावर उपाय काय, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मे महिन्यात बाजा, पलंग, गाद्या बाहेर काढायच्या, उन्हात उभ्या करायच्या आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. आमच्या उन्हात माणूस टिकत नाही, तिथे ढेकूण काय टिकणार. लोक करायचेही तसं. पण गल्लीत बाज उभी दिसली की येणारा-जाणारा हमखास विचारायचा, “काय वो, झाले वाटते?” आणि तेवढंच आईला नको होतं. बाबा एकदा म्हणाले, “टाकू की आपण मागच्या अंगणात.” आई म्हणाली, “मागच्या अंगणात जोशीनबाईची गच्ची डोकावते. आज तिनं पाहिलं की उद्या आख्ख्या अमरावतीले माहीत. लग्नाची पोरगी हाये घरात.” बाबा गप्प बसले. वर्गात पोरांना थरथर कापायला लावणारा हा माणूस घरात आईसमोर फार लवकर गप्प बसायचा. आणि खरं सांगायचं तर लाज त्यांनाही होतीच.

मग धामणगावचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. आत्याबाई वेताच्या खुर्चीत बसल्या. पोहे झाले, चहा झाला, ताईनं विणलेला रुमाल दाखवून झाला. मी दाराशी उभी होते. आत्याबाईंच्या मोतिया रंगाच्या पदरावर एक तांबडा ठिपका चालत चाललेला मला दिसला, आईलाही दिसला. आत्याबाईंनी मान खाली करून पाहिलं आणि बोटाच्या टिचकीनं उडवला. बोलल्या काहीच नाहीत. उलट जाताना आईच्या हातच्या पोह्यांची तारीफ करून गेल्या. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आईनं तो निरोप ऐकला, स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली. त्या टिचकीनं आमच्या घराचं जे केलं ते पुढे कुठल्या डॉक्टरला निस्तरता आलं नाही, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मला ताईचा राग आला होता. कारण नसताना.

पुढच्या खेपेला बाबा भातकुलीहून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत कपाशीवर मारायच्या औषधाचा डबा होता. डब्यावर लाल खूण होती आणि मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. बाबांना इंग्रजी येत होतं. त्यांनी तो वाचला की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही. शेतात किडीला जे औषध चालतं ते घरात या एवढ्याशा जिवांना चालणारच, असा साधा हिशेब. डबा माळ्यावर, लोणच्याच्या बरणीमागे गेला.

शनिवारी सकाळची शाळा असायची. दुपारी गल्ली कूलर लावून झोपलेली असायची, आणि ती आईची वेळ. बाबा शिकवणीला बाहेर जात. आम्हा दोघींना ती अंबादेवीच्या देवळात पिटाळायची. “जा, देवीपाशी बसा. ताईच्या लग्नाचं मागा. दिवेलागणीले या.” मग ती आतून कडी लावायची, सगळ्या खिडक्या बंद करायची, खिडक्यांच्या फटींत जुन्या पातळाचे बोळे कोंबायची. वास बाहेर गेला की जोशीकाकू विचारणार, म्हणून. बादलीत औषध कालवायची ती हातानं. पलंगाच्या सांध्यांत, गाद्यांच्या शिवणीत चिंधी बुडवून बोटानं भरायची, आणि भिंतींना, तसबिरींमागे हातातल्या छोट्या पंपानं फवारायची. तोंडाला पदर. एकदा आम्ही विसरलेला रुमाल घ्यायला परत आलो होतो, तेव्हा दाराबाहेरून आतला फस् फस् असा आवाज ऐकू येत होता आणि मध्ये मध्ये आईचा खोकला. ताईनं दार वाजवलं. आई आतून म्हणाली, “जा म्हटलं ना.” फवारून झालं की ती तशीच आत बसून राहायची, औषध मुरेपर्यंत, दार-खिडकी न उघडता. संध्याकाळी ऊद जाळायची, कडुलिंबाचा धूर करायची, आणि मग घराला देवळासारखा वास यायचा, त्याखाली दुसरा एक गोडसर, डोकं चढवणारा वास. त्याच गाद्यांवर आम्ही झोपायचो. आई सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, जिथे हवा कधीच येत नसे.

आम्ही दोघी देवळाबाहेर गिलावडा खायचो आणि पायऱ्यांवर बसायचो. ताई खरोखर मागणं मागायची. मी मागायचे की आमच्या घरी माझ्या कुणा मैत्रिणीनं येऊ नये. दर शनिवारी हेच. असं किती दिवस चाललं ते आता सांगता येत नाही, पण मधे एक दिवाळी येऊन गेली आणि आंब्याचे दिवसही. ते मरायचे आणि पुन्हा यायचे, कारण खुर्च्या बैठकीतच होत्या. त्यांना औषध मारायचं तर वेताचं पॉलिश जाईल, अशी आईला भीती होती.

आधी आईची जोडवी रुतायला लागली. मग बांगड्या. भाकरी थापताना त्या वाजेनाशा झाल्या, मनगटात गच्च बसल्या. सकाळी उठल्यावर तिचा चेहरा सुजलेला असायचा, डोळे बारीक झालेले, दुपारपर्यंत उतरायचा आणि पायांवर जायचा. अन्नावरची वासना उडाली. तोंडात पैसा धरल्यासारखी चव येते म्हणायची. कढीची चव बिघडली, कारण तिला मीठच कळेना, आणि आम्ही तिला तसं तोंडावर सांगायचो. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. शाळेच्या गॅदरिंगला आई आली तेव्हा वर्गातल्या एकीनं विचारलं, “ह्या तुझ्या आई का गं? चेहरा असा काहून सुजला?” मी म्हटलं, “शेजारच्या आहेत.” आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं असणार. घरी जाताना माझी वेणी विस्कटली होती ती तिनं रस्त्यात थांबून नीट केली, बाकी काही नाही.

अकोल्याहून मोठी मावशी आली. आईची सख्खी बहीण, दणकट बाई, बोलायला लागली की भांडण चाललंय असं पुण्याच्या माणसाला वाटावं. आईला पाहून ती चपला न काढताच उभी राहिली. “हे काय करून घेतलं वं तू? आन् मास्तर, तुमी पाहून राह्यले नुसते?” ती आईला अकोल्याला घेऊन गेली. महिन्याभरात आई बरी झाली. सूज उतरली, भूक लागली, बांगड्या सैल झाल्या. परत आली, आणि दोन शनिवार जात नाहीत तोच चेहरा पुन्हा सुजला. पुन्हा अकोला, पुन्हा बरी. पुन्हा घर, पुन्हा तेच. जोशीकाकू गच्चीवरून म्हणाल्या, “मास्तरीणबाईले सासर सोसत नाही वाटते या वयात!” त्या हसल्या, बाबाही हसले. बाबा आईला म्हणाले, “तुला अकोल्याचं पाणीच मानवतं बरं का. कामाला हात लावायचा आला की सूज.” ते थट्टेत म्हणाले असतील. पण मी मनातून ते खरं मानलं होतं. आई काम चुकवायला माहेरी जाते, असं मला वाटायचं. घरची धुणीभांडी माझ्यावर यायची ना. ज्या कामासाठी ती मरत होती ते काम ती परत आली की पहिल्याच शनिवारी करायला घ्यायची, आणि आम्ही देवळात जायचो.

मावशीनंच ताईसाठी अकोल्याचं स्थळ आणलं. मुलगा बँकेत होता. त्याच्या वडिलांना सगळे अण्णाजी म्हणत, धान्याच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. धोतर, काळी टोपी, मोजकं बोलणं. ते आमच्याकडे येऊन गेले तेव्हा आईनं आदल्या दिवशी इतकं फवारलं होतं, आणि तो वास झाकायला इतका ऊद जाळला होता, की धुरानं त्यांचे डोळे चुरचुरले. ते म्हणाले, “लय धार्मिक घर हाये मास्तर तुमचं.” पसंती आली. साखरपुड्याची तारीख निघाली. आणि साखरपुड्याच्या आधी आई भाकरी थापता थापता परातीवर वाकली आणि ओकायला लागली, ती थांबेना. लघवी जवळजवळ बंद झाली. बाबांनी गाडी केली आणि आम्ही सगळे तिला घेऊन अकोल्याला गेलो, कारण तिथल्या दवाखान्यात तिचे कागद होते.

दवाखान्यातला तो सकाळचा प्रसंग. डेटॉलचा वास, कॉटवर आई, हाताला सलाईन, पायथ्याशी मावशी, खिडकीपाशी ताई आणि मी. बाबा खुर्चीत. तेवढ्यात अण्णाजी मोसंब्यांची पिशवी घेऊन आले, होणाऱ्या विहीणबाईंना बघायला. बाबा ताडकन उठले, त्यांना खुर्ची दिली. आईनं सलाईनच्या हातानं डोक्यावर पदर ओढला. त्यांच्या मागोमाग डॉक्टर आले. तरुण होते, थकलेले दिसत होते. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि सरळ सांगितलं की दोन्ही किडन्यांवर परिणाम झाला आहे, लघवीतून प्रथिनं जात आहेत, आणि आणखी बिघडलं तर नागपूरला न्यावं लागेल, तिथेही काय होईल ते सांगता येत नाही.

“मला एक कळत नाही,” ते बाबांना म्हणाले. “या इथे आल्या की सुधारतात आणि घरी गेल्या की बिघडतात. म्हणजे घरी काहीतरी आहे. कुठला काढा घेतात? अंगदुखीच्या गोळ्या? विहिरीचं पाणी? घरात काही औषध फवारता का, शेतातलं वगैरे?”

बाबांनी अण्णाजींकडे पाहिलं. अगदी ओझरतं. मग म्हणाले, “नाही, साहेब. असलं काही नाही आमच्याकडे. मास्तराचं घर आहे.”

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. “बाई, तुम्ही सांगा.”

आईनं मान हलवली. नाही.

मी आईचा चेहरा पाहत होते. तिला कळलं होतं. त्या क्षणी तिला नक्की कळलं होतं, कारण तिचे डोळे स्वतःच्या बोटांकडे गेले, नखांपाशी साल गेलेल्या, पांढुरक्या पडलेल्या बोटांकडे, आणि मग तिनं बोटं पदराखाली घेतली. तरी तिनं मान हलवली. ताईचं लग्न त्या खुर्चीत मोसंबी मांडीवर घेऊन बसलं होतं. आणि मी, शपथेवर सांगते, मला हायसं वाटलं. डॉक्टर चिठ्ठी लिहायला वळले.

“ढेकणं हायेत आमच्या घरी,” ताई म्हणाली.

ताई एरवी घरात शुद्ध बोलायची, बाबांना तसंच लागायचं. पण हे निघालं ते असं, मोठ्यानं, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं. “आई कपाशीचं औषध मारते. दर शनिवारी. हातानं. दारं-खिडक्या लावून आत बसते. आमाले बाहेर पाठवते.”

“कुंदा!” बाबा ओरडले.

“ती मरून राह्यली बाबा,” ताई म्हणाली, आणि मग रडायला लागली.

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. आईसाठी नव्हे हो. अण्णाजींसमोर तो शब्द बोलला गेला म्हणून. मी ताईपासून दोन पावलं बाजूला सरकले, म्हणजे त्या घरची मी नव्हेच. आईनं डोळे मिटून घेतले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अण्णाजी उठले. मोसंब्यांची पिशवी कॉटखाली ठेवली, टोपी नीट केली, डॉक्टरांना नमस्कार केला आणि गेले.

डॉक्टरांनी मात्र खुर्ची ओढून घेतली आणि ताईला सगळं नीट विचारलं. केव्हापासून, कुठलं औषध, झोपता कुठं. मग बाबांना म्हणाले, “हे त्यामुळेच झालं हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. किडनी बिघडायला इतर कारणंही असतात. पण हे विष आहे, मास्तर. कातडीतून आत जातं, श्वासातून आत जातं, आणि शरीर ते ज्या चाळणीतून बाहेर काढतं ती चाळणीच खराब होऊ शकते. आधी माहीत असतं तर उपचार वेगळा सुरू केला असता. आता त्या घरात यांना पाऊल ठेवू देऊ नका.” बाबांनी मान खाली घातली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे बरेच दिवस अण्णाजींकडून काही निरोप आला नाही. आई ताईशी बोलेना. पाणी हवं असलं तरी मला सांगायची. ताई तिचे पाय चेपायची, ती पाय आखडून घ्यायची. मावशी चिडायची, “तुह्या जिवासाठी बोलली न वं ती!” आई भिंतीकडे तोंड करायची. मग एका दुपारी अण्णाजींच्या घरच्या आल्या, डबा घेऊन. डब्यात बिनमिठाची मुगाची खिचडी होती. त्यांनी आईला स्वतःच्या हातानं दोन घास भरवले आणि म्हणाल्या, “आमच्याइथी काय कमी हायेत का वो? जळो, माह्या मालकाले झोपू नाही देत. तुमी पोरगं पाहायले आल्या होत्या न, त्या दिवशी सगळ्या बाजा मीनं शेजारणीकडं नेऊन टाकल्या होत्या. पोरगी पसंत हाये आमाले. खरं बोलणारी सून कोणाले नको?” मला आठवतं, आईनं पहिला प्रश्न विचारला तो असा: “अन् बाहेर कोणाले सांगितलं नाही न तुमी?”

बाबांनी अमरावतीला जाऊन सगळं बाहेर काढलं. भर मे महिन्यात, गल्लीत, सगळ्यांसमोर. पलंग, बाजा, गाद्या. खुर्च्या त्यांनी मैदानात नेऊन जाळल्या. भिंती खरवडून चुना मारला. आठ दिवसांचं ऊन आणि बंबातलं उकळतं पाणी, एवढ्यानं ते संपले. एवढ्यानंच. जोशीकाकूंनी गच्चीवरून सगळं पाहिलं, आणि मग पुष्कळ दिवस शाळेत मुली मला ‘ढेकणे मास्तरांची पोरगी’ म्हणत होत्या. म्हणजे आईला जी भीती होती ती खोटी नव्हती. लाज वाटायची ती वाटलीच. ती वाट्याला येऊन गेली आणि आम्ही जेवलो, झोपलो, शाळेत गेलो. फक्त आईच्या किडन्या परत येणार नव्हत्या. लघवी सुरू झाली, सूज बरीच उतरली, पण त्या अर्ध्याच राहिल्या, असं डॉक्टर म्हणाले.

ताईचं लग्न अकोल्यात झालं. निरोपाच्या वेळी ताई आईच्या गळ्यात पडली. आई तोवर तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. सगळ्यांना वाटलं आता माया फुटणार. मी अगदी शेजारी उभी होते. आई तिच्या कानात म्हणाली, “तिकडं तरी तोंड सांभाळजो.” ताईनं मान डोलावली आणि गाडीत बसली.

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. मीठ बंद, लोणचं बंद, डाळही मोजून. भाकरी थापायची, पण बांगड्या तिनं पुन्हा भरल्या त्या दोनच, सैल. शेवटी शेवटी आठवड्यातून दोनदा डायलिसिस. प्रत्येक नवा डॉक्टर सुरुवातीपासून विचारायचा आणि प्रत्येक वेळी आई आधी दाराकडे बघायची, कुणी ऐकत नाही ना ते. मग हळू आवाजात सांगायची, “आमच्या शेजारी एक जोशी राहायच्या. त्याईच्या घरून आले होते.” मशीनला नळ्या लावलेल्या, ओठ कोरडे पडलेले, आणि तरी जोशीकाकूंवर ढकलल्याशिवाय तिला ते सांगता येत नसे. मी शेजारी बसलेली असायचे. मी कधी ते दुरुस्त केलं नाही. तिला निदान तेवढं तरी असू दे, असं मला वाटायचं, आणि वाटल्याची लाजही वाटायची.

मागच्या महिन्यात नातू पुण्याच्या होस्टेलवरून सुट्टीला आला आणि त्याच्या बॅगेतून ते आले. गादीच्या शिवणीत एक दिसला. फवारणीवाल्या माणसाला फोन केला तर माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं, “गाडीवर तुमचा बोर्ड असेल तर गाडी चौकातच लावा.” तो आला, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, तोंडाला मुखवटा लावला. मी सवयीनं भराभर खिडक्या लावत सुटले. तो म्हणाला, “काकू, खिडक्या कशाला लावता? उघड्या राहू द्या, वास निघून जाईल.” मी त्या परत उघडल्या. आमच्या खिडकीसमोर हातभरावर शेजारच्या प्रियाची खिडकी आहे. तिला सातवा महिना लागलाय. ती खिडकीशी येऊन उभी राहिली, पोटावर हात ठेवून, आणि विचारलं, “काकू, कायचा वास येऊन राह्यला वो?”

“रंग,” मी म्हटलं. “रंग देऊन राह्यले.”

ती हसली आणि तिथेच उभी राहिली. खोल श्वास घेऊन म्हणाली, “मले आवडते रंगाचा वास.”

आतून फस् असा आवाज आला. मी खिडकीचे गज धरले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, या वयात, कुणी मला बघायला येणार नसताना.

“प्रिया, रंग नाही,” मी म्हटलं. “ढेकणं हायेत आमच्या घरी. औषध मारून राह्यले. तू खिडकी लाव, अन् आईकडं जा आज, संध्याकाळी ये.” मी जरा मोठ्यानंच बोलले असणार. खालचा भाजीवाला वर बघायला लागला.

प्रियाची खिडकी लागली, कडी वाजली. औषधाला भिऊन लागली की आम्हाला किळसून, ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी मी अकोल्याला ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती खूप वेळ हसली, खोकला येईपर्यंत.

“मोठ्यानं म्हटलं?” तिनं विचारलं.

“हो. भाजीवाल्यानंही ऐकलं.”

“चाल मग,” ताई म्हणाली. “आता आई तुह्याशीही बोलली नसती.”